तिसऱ्या घरातला दोन

"चिठ्ठ्या बदलल्या असतील," असं धर्मपाल फोनवर बोलून गेला. त्यावर त्याचा विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. डॉक्टरांनी वाट दाखवली आणि तो तिच्यावरून चालत गेला, इतकंच.

फोन यवतमाळहून आला होता. फवारणीच्या विषबाधेचं ते वर्ष. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळी काही केल्या मरत नव्हती, आणि माणसं पाठीवर पंप बांधून त्या हिरव्या जंगलात शिरत होती. मारलेलं औषध वरून त्यांच्याच तोंडावर पडायचं. महागावच्या आजूबाजूच्या गावांतून रोज कुणीतरी डोळे चोळत, ओकत यवतमाळच्या दवाखान्यात जात होतं. डॉक्टर इंद्रजित यांच्या संस्थेनं म्हणून एक पेटी करून घेतली होती. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी पेटीत सरकवायची. पट्टीचा रंग पाहून पेटी आकडा दाखवायची, तो वहीत टिपून माणसाला नावाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा. तीनशेच्या वर असला तर ठीक. दोनशे ते तीनशे असला तर पंपाला हात लावायचा नाही. दोनशेच्या खाली असला तर उभ्या उभ्या दवाखाना गाठायचा.

पेटी धर्मपालनं बनवली होती. तो टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला माणूस. पन्नाशी उलटल्यावर मुलीच्या, प्रियंकाच्या, कॉलेजच्या पुस्तकांतून तो संगणकाची भाषा शिकला होता, आणि त्याचा त्याला मनातून फार अभिमान होता. अशा सहा पेट्या सहा गावांत फिरत होत्या. त्यातली एक टेकडीवरच्या तांड्यावर, आशा सेविकेचं काम करणाऱ्या संगीताकडे होती.

डॉक्टर म्हणाले होते, "त्या तांड्यावरचा देवसिंग इथं भरती आहे. श्वासासाठी नळी घातली आहे. त्याचं रक्त पाहिलं, तर तुमच्या पेटीवर चाळीसच्या आत आकडा यायला हवा होता. तीन दिवसांपूर्वी चिठ्ठीवर तीनशे ब्याऐंशी लिहिलं आहे. त्या बाईनं चिठ्ठ्या बदलल्या असतील का हो?"

तेव्हा धर्मपालच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. दवाखान्यात नळी घातलेला माणूस पडलेला आहे आणि आपल्याला हलकं वाटतं आहे, हे त्याचं त्यालाच जाणवलं. तरी तो बोलून गेला.

बोललेला शब्द पायानं चालत नाही, तो मोटरसायकलवर बसतो. चार वाजेपर्यंत तो तांड्यावर पोचला होता, आणि पोचेपर्यंत त्यातलं 'असतील' गळून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं संगीता महागावला धर्मपालच्या घरी आली. हातात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पेटी, काखेत वही.

"काका, मले दाखवा मी कुठी चुकली," ती दारातूनच म्हणाली.

"बैस तं आधी, माय," धर्मपालची बायको तुळसाबाई पाणी घेऊन आली. "सकाळपासून काई खाल्लं का नाई?"

"खाऊन काय करू, काकू. दुपारी नायकाच्या घरापुढे बैठक हाय. काम काढून घेतीन, घेऊ द्या. पन काल देवसिंगभाऊची बायको रुपीबाई माह्या दारात येऊन बसली. बोलली नाई, रडली नाई. नुस्ती बसली. मंग उठून यवतमाळची गाडी धराले गेली." संगीतानं वही उघडली. "मले तं वाटून राह्यलं का मी चिठ्ठी बरोबर लिवली. पन सारे म्हणतात बदलली, मंग बदलली असन. कशी बदलली तेवढं सांगा. पुढच्या बारीनं तशी होऊ नाही."

धर्मपालनं वही पाहिली. ओळी सरळ, आकडे ठळक. पहिलं नाव तांड्याचा प्रमुख किसनसिंग नायक, सातशे बेचाळीस. दुसरं देवसिंग, तीनशे ब्याऐंशी. तिसरं शाम, दोनशे सत्तर. अशी एकोणीस नावं.

"नायकाले काहून तपासलं? तो तं फवारत नाई."

"नायकाच्या आधी कोन बोट पुढे करन, काका? तांडा हाय तो." संगीताला प्रश्नाचंच नवल वाटलं. "नायकानं देवसिंगभाऊले हाताला धरून आनलं होतं. त्याचे डोळे लाल, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. मले पाहूनच भेव वाटलं. म्हटलं, भाऊ, दवाखान्यात चाला. मंग पेटीनं तीनशे ब्याऐंशी सांगतलं. तो हासला. म्हणे, पेटीपेक्षा तू शाहणी का? दुसऱ्या दिवशी पंप घेऊन गेला, तिसऱ्या दिवशीबी गेला." तिनं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "डोळ्यानं पाहून बी मी पेटीचंच ऐकलं."

धर्मपालनं पेटी टेबलावर घेतली. तपासणीसाठी त्याच्याकडे रंगीत पट्ट्यांचा एक संच होता. कोणत्या पट्टीला कोणता आकडा यायला हवा ते मागं लिहिलेलं. सगळ्यात फिकी पट्टी सरकवली. एक्केचाळीस. बरोबर. पेटी बंद केली, पुन्हा चालू केली, गडद पट्टी घातली. आठशे बावन्न. बरोबर. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"पेटी तं चांगली हाय," तो म्हणाला. ते म्हणताना पुन्हा तोच हलकेपणा आला.

तुळसाबाई कौतुकानं पाहत होती. "मले समजावून सांगतलं होतं त्याईनं. आत म्हणे दोन तारा असतात, त्याले बस म्हणतात. अन् त्या बसवर बोलणं चालवते तो ड्रायव्हर. म्या म्हटलं, अजी, मंग कंडक्टर कुठी हाय?"

संगीता हसली नाही. ती धर्मपालच्या बोटाकडे पाहत होती.

"काका, तुमी दर बारीनं बंद काहून करता?"

"बॅटरी वाचते."

"मी नाई करत. एकोणीस माणसं उभी राहतात. बंद करा, चालू करा, दिवा हिरवा व्हाची वाट पाहा, तवर लोक शेतात निंघून जातात. मी एकदा चालू केली का शेवटच्या माणसापर्यंत चालूच राहते."

बंद करण्याची सवय धर्मपालच्या हाताला भारनियमनानं लावली होती. आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची त्या वर्षांत एक्स्चेंजच्या बॅटऱ्या त्यानं पोटच्या पोरासारख्या जपल्या होत्या. काम झालं की बंद. पेटी करतानाही त्यानं शेकडो वेळा तपासणी केली होती, आणि प्रत्येक वेळी, न चुकता, मध्ये बंद केली होती.

त्यानं गडद पट्टी घातली. आठशे बावन्न. बोट बटणाकडे गेलं, ते त्यानं मागं घेतलं. फिकी पट्टी घातली.

चारशे बारा.

त्यानं पट्टी काढून उलटी करून पाहिली. मागं त्याच्याच अक्षरात एक्केचाळीस लिहिलं होतं. पुन्हा घातली. पुन्हा चारशे बारा.

"काय झालं, काका?"

"काई नाई," धर्मपाल म्हणाला. "बॅटरी कमजोर दिसते. तू चहा घे, मी पाहतो."

संगीता तुळसाबाईमागं स्वयंपाकघरात गेली. धर्मपालनं संगणक लावला आणि पेटीला बोलायला लावणारा, आपणच लिहिलेला ड्रायव्हर उघडला. शोधायला फार वेळ लागला नाही. चूक लपून बसली नव्हती, भर दारात बसली होती.

पट्टीचा रंग पाहणारा भाग आकडा पाठवण्याआधी एक गोष्ट सांगत असे: मी आता किती अंक पाठवतो आहे. तीन, की दोन. धर्मपालच्या ड्रायव्हरनं ते ऐकून सोडून दिलं होतं. आकडा ठेवायला त्यानं तीन घरं केली होती आणि तो दर वेळी तिन्ही घरं वाचत होता. एक्स्चेंजमध्ये अर्धा जन्म गेला, तिथं गावांचे नंबर तीन आकडी. दोन आकड्यांचा नंबर असतो हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. माणूस फार खालावला की तो भाग दोनच अंक पाठवायचा. ते पहिल्या दोन घरांत बसायचे. तिसऱ्या घरात आधीच्या माणसाचा शेवटचा अंक तसाच पडून असायचा. पेटी बंद केली तर घर रिकामं व्हायचं. चालू ठेवली तर नाही.

त्यानं संगीताच्या वहीकडे पाहिलं. नायकाचे सातशे बेचाळीस. देवसिंगचे अडतीस. नायकाचा दोन तिसऱ्या घरात राहिला, आणि अडतीसचे तीनशे ब्याऐंशी झाले.

जे थोडे आजारी होते त्यांना पेटी बरोबर सांगत होती. जो मरायला टेकला होता, त्यालाच म्हणत होती, तू ठणठणीत आहेस.

त्यानं आधी बाकी पाच गावांना फोन लावले. "पेटी वापरू नका. जुन्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवू नका, ज्याले तरास वाटते त्याले सरळ दवाखान्यात धाडा." एकीनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बॅटरीचा दोष आहे. पाचही जणींना त्यानं तेच सांगितलं. पाचव्या वेळी तर आवाजही अडखळला नाही.

मग त्यानं ओळी बदलल्या. वाचण्याआधी तिन्ही घरं पुसायची. किती अंक येणार ते ऐकायचं आणि तितकेच घ्यायचे. पेटीत नवा ड्रायव्हर भरला आणि गडद पट्टी घातली. पंच्याऐंशी. आठशे बावन्नचा शेवटचा अंकच गळाला होता. धर्मपालनं ओळी पुन्हा वरून वाचल्या. किती अंक येणार हे सांगणारा तो पहिला अंकही त्यानं मोजणीत धरला होता, म्हणून एक कमी वाचला गेला. आता पेटी धडधाकट माणसाला मरणाच्या दारात उभं करत होती. तीही ओळ सुधारली. मग बंद न करता, गडद-फिकी, फिकी-गडद, मधली, पुन्हा फिकी, अशा चाळीस वेळा पट्ट्या घातल्या. चाळीसही बरोबर आल्या.

सगळं मिळून तासभर लागला नाही. एवढंसं काम होतं.

संगीता हात पुसत बाहेर आली. "झालं का, काका? मंग मी कुठी चुकली?"

"पेटी नीट केली," धर्मपाल म्हणाला. "तू घेऊन जाय. पाहू मंग."

"पन चिठ्ठी..."

"तुही गाडी जाईन, माय."

संगीतानं वही काखेत धरली. मग तिनं पेटी पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि गेली. जाताना वाकून पाया पडली. धर्मपालनं पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता.

तुळसाबाई दारात उभी होती. शाळेत गेलेली बाई नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा तिला पाठ होता.

"अजी, बॅटरी बदलली नाई तुमी."

"काय?"

"बॅटरी कमजोर हाय म्हणालते. नवी बॅटरी त्या डब्यात हाय, डबा तं उघडलाच नाई. मंग तासभर काय करत होते?"

धर्मपाल पट्ट्या संचात लावू लागला.

"तिची चूक नाई नं?"

"नाई."

"कोनाची हाय?"

त्यानं संगणकाकडे बोट दाखवलं. मग ते बोट वळवून स्वतःच्या छातीवर ठेवलं.

तुळसाबाई वळली. तिनं चहाचे कप गोळा केले. "पाया पडून गेली ते पोट्टी," ती आतून म्हणाली. "अन् तुमी पडू देल्लं."

धर्मपालनं चपला घातल्या. एसटी निघून गेली होती. चौकातून एक ऑटो टेकडीकडे जाणार होता, त्यात तो सोयाबीनच्या पोत्यांवर बसला. वाटभर त्याच्या मनात वाक्यं तयार होत होती. ड्रायव्हरमध्ये थोडा बिघाड होता. असं कोणाच्याही हातून होतं. फुकट काम केलं मी, एक रुपया घेतला नाही. सगळी वाक्यं खरी होती. टेकडीच्या पायथ्याशी उतरला तेव्हा त्यातलं एकही तोंडात ठेवावंसं त्याला वाटलं नाही.

नायकाच्या घरापुढं लिंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. संगीता एका बाजूला, पेटी मांडीवर. रुपीबाई कपडे आणि भाकरी न्यायला सकाळीच यवतमाळहून आली होती. ती पिशवी घेऊन कडेला उभी होती. नायक किसनसिंग सत्तरीचा, डोक्याला पांढरा फेटा.

"राम राम, धर्मपालभाऊ. तुमी कायले तरास घेतला? आमचं आमी पाहतो."

"जयभीम, नायक. मले बोलाचं हाय."

"बसा आधी."

"उभाच बोलतो." तो सगळ्यांना दिसेल असा पुढं आला. "संगीतानं चिठ्ठ्या बदलल्या नाई. तिनं लिवलं ते पेटीनं सांगतलं तेच लिवलं. पेटीच खोटं बोलली. अन् पेटीले बोलाले मी शिकवलं."

मग त्यानं सांगितलं. जमिनीवर काडीनं तीन चौकोन काढले. नायकाचे सात, चार, दोन लिहिले. सात आणि चार पुसून तीन आणि आठ लिहिले, आणि दोन तसाच ठेवला. माणसं वाकून पाहू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही तो न पुसलेला दोन दिसला.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजे टेलिफोनवाल्याकडून राँग नंबर लागला म्हना की."

कोणी हसलं नाही. बोलणाऱ्यानंही मान खाली घातली.

नायक त्या चौकोनांकडे पाहत होता. "माह्या रक्तातला दोन त्याले चिकटला."

"हाव."

"अन् तो माह्या आधी बसला असता तं?"

धर्मपालला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. "तं बरोबर आलं असतं."

"पेटीसंग आलेल्या तुमच्या कागदावर लिवलं होतं नं? संगीतानं वाचून दाखवलं होतं. ज्याले तरास जास्त, त्याले आधी बसवा. मीच म्हणालो, कागद राहू दे, आधी मी." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला.

धर्मपालला फार काही करायचं नव्हतं. एवढंच करायचं होतं: गप्प राहायचं. ओझ्याचं अर्धं टोक म्हाताऱ्यानं आपणहून उचललं होतं. आणि किती हलकं वाटलं असतं ते धर्मपालला आता चांगलं माहीत झालं होतं.

"नाई, नायक," तो म्हणाला. "कोनी आधी बसो, कोनी मागून बसो, पेटी चालू राहो का बंद राहो, तिनं खरंच सांगाले पाह्यजे होतं. तुमच्या मानाचा याच्यात काई दोष नाई. अन् अजून एक हाय. चिठ्ठ्या बदलल्या असतीन, हे डॉक्टरले फोनवर मीच म्हणालो. न पाहता म्हणालो. अन् पाच गावांत आज सकाळी बॅटरीचा दोष म्हणून सांगतलं, तेबी खोटं."

संगीता उठून उभी राहिली. "तुमाले सकाळीच समजलं होतं."

"हाव."

"मी चहा पेऊन राह्यली होती तवा."

"हाव, माय."

"मी तुमच्या पाया पडली, काका." तिचे डोळे कोरडे होते. पेटी तिनं मांडीवरून उचलून त्याच्या पायाशी, त्या चौकोनांवर ठेवली. "मले हे नको. अन् 'माय' म्हणू नका."

नायक काही बोलायला गेला, पण रुपीबाई पुढं आली. सगळे बाजूला झाले. धर्मपालनं हात जोडले.

"बाई, माह्यामुळे..."

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मी का फवारत होती? जो पडून हाय त्याले सांगा." आणि पिशवी घेऊन ती गाडी गाठायला उतारानं निघाली.

डॉक्टरांना धर्मपालनं तिथूनच फोन केला, आणि पाच गावांना पुन्हा. या वेळी प्रत्येक फोन लांबला. एका गावच्या आशानं जुन्या चिठ्ठ्या चाळून दोन नावं काढली. आकडे बरे होते, पण माणसं बरी दिसली नव्हती. त्या दोघांना संध्याकाळच्या आत दवाखान्यात नेलं. पेटीचं काम संस्थेनं दुसऱ्याला तपासायला दिलं, आणि ते योग्यच झालं.

धर्मपाल रोज दुपारी यवतमाळला जाऊ लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात रुपीबाईपासून चार हात अंतरावर बसायचा. ती बोलायची नाही, पण ऊठ असंही म्हणाली नाही. एकदा तिनं पाण्याची बाटली पुढं सरकवली, मग काय वाटलं कोण जाणे, परत ओढून घेतली.

सहाव्या दिवशी देवसिंगची नळी काढली. आठव्या दिवशी नर्सनं धर्मपालला आत सोडलं.

देवसिंग पस्तिशीचा असेल. उशीवर त्याचं तोंड म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. डोळ्यांना अजून नीट दिसत नव्हतं. आवाजाच्या दिशेनं तो मान वळवत होता. धर्मपालनं खाटेशी उभं राहून सगळं सांगितलं. चौकोन काढायला जमीन नव्हती, म्हणून बोटं दाखवली. मग लक्षात आलं, याला दिसत नाही. म्हणून त्यानं देवसिंगचाच हात घेतला, तीन बोटं वेगळी केली आणि एकेक बोट दाबून सांगितलं. हे तीन. हे आठ. हे तुझं नव्हतं.

देवसिंगनं तिसरं बोट तसंच उभं ठेवलं.  घशातून आवाज खरखरत निघाला.

"माह्या मागं शाम होता, माह्यासंग फवारनारा. त्याचं खरं होतं का?"

"खरं होतं. दोनशे सत्तर. शेवटी शून्य हाय, तुह्यावाला दोन नाई, म्हंजे तिन्ही अंक त्याचेच."

"पाह्यलं तुमी?"

"एकोणीसही पाह्यले. तुहाच तेवढा चुकला."

"मंग ठीक हाय," देवसिंग म्हणाला.

त्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. धर्मपाल थांबला. त्याला वाटलं, अजून काही म्हणेल, शिवी तरी देईल. देवसिंगचा श्वास संथ लागला होता. तो झोपला की जागा होता, हे पाठीवरून कळत नव्हतं.